वाचकांचे प्रश्न: पौलाचे मानावे की याकोबाचे?

प्रश्न (एक वाचक, नवापूर, जि. नंदुरबार): आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासवर्गात वाद झाला. काही जणांच्या मते शनिवारचा शब्बाथ आणि जुन्या करारातील खाण्यापिण्याचे निर्बंध आजही पाळलेच पाहिजेत, तर इतरांच्या मते तारणासाठी विश्वास पुरेसा आहे. एक बाजू ‘कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे’ म्हणणारे याकोबाचे पत्र पुढे करते, दुसरी प्रेषित पौलाची पत्रे. आरंभीच्या मंडळीत तरी याविषयी एकमत होते काय?

उत्तर: एकमत नव्हते, आणि नव्या कराराने ते लपवलेलेही नाही. येशूचे पहिले शिष्य सगळे यहूदी होते. सुंता, शब्बाथ आणि शुद्ध-अशुद्ध अन्नाचे नियम त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. अडचण उभी राहिली ती सिरियातील अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, लोक मोठ्या संख्येने विश्वास ठेवू लागले तेव्हा. त्यांनी आधी यहूदी व्हावे काय, या प्रश्नासाठी इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15). विश्वास ठेवलेल्या काही परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांनी, सुंतेचा आग्रह धरला. जे ओझे आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही पेलले नाही ते शिष्यांच्या मानेवर का ठेवता, असे येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याने विचारले. आणि निर्णय मांडला तो यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याने; परंपरेने याकोबाचे पत्र त्याचेच मानले जाते. सुंतेची सक्ती नाही, मात्र मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि व्यभिचार यांपासून दूर राहावे, असा तो निर्णय होता. म्हणजे परराष्ट्रीयांवरून सुंतेचे ओझे उतरवण्याचा ठराव याकोबानेच मांडला, हे त्याचे पत्र पुढे करणाऱ्यांनी विसरू नये.

खरा भडका उडाला तो अंत्युखियातील जेवणावरून, आणि पंगतीला कोण कोणाशेजारी बसतो याला किती अर्थ असतो हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आल्यावर तो मागे सरला, आणि त्याच्यामागोमाग पौलाचा सहकारी बर्णबाही. तेव्हा पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष खडसावले (पौलाचे गलतीकरांस पत्र, अध्याय 2). ‘नियमशास्त्रातील कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही’ हे पौलाचे मत त्या पत्रात या प्रसंगाला लागूनच येते. म्हणून त्याचा रोख मुख्यतः यहूदी आणि परराष्ट्रीय यांना वेगळे काढणाऱ्या खुणांवर, म्हणजे सुंता, अन्न आणि सणवार यांवर आहे, असे मला वाटते. सदाचार अनावश्यक आहे असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. (गलतीकरांस लिहिताना तो इतका संतापला आहे की, इतर बहुतेक पत्रांच्या आरंभी येणारी आभारस्तुतीही येथे नाही.) त्याच पत्रात तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाचे महत्त्व सांगतो आणि सारे नियमशास्त्र शेजाऱ्यावरील प्रीतीत सामावते असे म्हणतो.

याकोबाच्या पत्रातील वादाच्या भागात सुंता आणि अन्नाचे नियम यांचा उल्लेखही नाही. त्याच्यासमोर उभा आहे तो उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे सांगून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा विश्वासणारा. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, हा त्याचा टोला अशा कोरड्या मान्यतेला आहे. दोघेही दाखला अब्राहामाचाच देतात, पण त्याच्या आयुष्यातील वेगवेगळ्या टप्प्यांवरून. उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात विश्वासामुळे नीतिमान गणलेल्या अब्राहामाची सुंता 17 व्या अध्यायात, वयाच्या 99 व्या वर्षी झाली, यावर पौल बोट ठेवतो. इसहाकाला वेदीवर ठेवण्यात तो विश्वास पूर्ण झाला, याकडे याकोब लक्ष वेधतो. तरीही दोघांची वाक्ये शेजारी ठेवली की खटकतात, हे मान्य केले पाहिजे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरला ती इतकी खटकली की, 1522 च्या जर्मन नव्या करारात त्याने याकोबाचे पत्र शेवटच्या चार पुस्तकांत सरकवले.

आपल्या वर्गातील वादासाठी रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय एकत्र वाचावा. एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सर्व दिवस सारखे मानतो. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याला दोषी ठरवू नये, असे पौल तेथे सांगतो. तेव्हा ज्यांना शनिवार पाळायचा आहे त्यांनी तो अवश्य पाळावा. मात्र न पाळणाऱ्याचे तारण झालेच नाही असे म्हणू लागल्यास तो गलतीयातील मंडळ्यांत धरल्या गेलेल्या सुंतेच्या आग्रहाचाच प्रकार होईल. आणि ‘विश्वास पुरे’ म्हणणाऱ्यांना त्या वाटेला लावलेल्या भावाविषयी याकोब जे विचारतो, त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

प्रश्न (एक वाचक, अमळनेर): सुंतेला एवढा विरोध करणाऱ्या पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याची सुंता का करवली?

उत्तर: तीमथ्याची आई यहूदी होती आणि वडील ग्रीक, त्या भागातील यहूद्यांना हे माहीत होते आणि पौलाला त्यांच्यात काम करायचे होते, असे कारण प्रेषितांची कृत्ये 16:3 मध्ये दिले आहे. पौलाचा दुसरा सहकारी तीत मात्र ग्रीक होता, आणि यरुशलेमेत त्याच्या सुंतेचा आग्रह झाला तेव्हा पौल क्षणभरही नमला नाही. तीमथ्याच्या बाबतीत सुंता ही कामापुरती सोय होती. तीताच्या बाबतीत तीच तारणाची अट केली जात होती.