कर्नाटकाची स्वतंत्र राज्यघटना आहे का? सीमाभागातल्या मराठी माणसाने तिची कोणती कलमं वाचावीत?

वेगळी घटना नाही. अमेरिकेत पन्नासही राज्यांची आपापली घटना आहे, मॅसॅच्युसेट्सची तर १७८० पासून चालत आलेली. आपल्याकडे जम्मू-काश्मीर हा एकच अपवाद होता, तोही २०१९ मध्ये संपला. बाकी राज्यांचा सगळा सांगाडा भारताच्या संविधानाच्या सहाव्या भागात, कलम १५२ ते २३७ मध्ये आहे. कर्नाटकाची 'घटना' म्हणून वाचायची ती हीच.

तीत राज्यपाल, मंत्रिमंडळ, दोन सभागृहं, उच्च न्यायालय असं सगळं येतं. कलम १६४ प्रमाणे मंत्री विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपर्यंतच. २२४ आमदारांवर मुख्यमंत्री धरून ३४. कलम १७४ मध्ये राज्यपालांना योग्य वाटेल त्या ठिकाणी सभागृह बोलावता येतं, म्हणून बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरवायला घटनादुरुस्ती लागत नाही.

सीमेचा विषय मात्र या भागात नाहीच. तो कलम ३ मध्ये आहे. राज्याची हद्द बदलायचा अधिकार फक्त संसदेचा, तोही साध्या बहुमताने. संबंधित विधानमंडळांचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नाही. म्हणून बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या ठरावाने एकही गाव इकडचं तिकडे होत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा कलम १३१ खालचा आहे. त्या कलमाखाली दावा सरकारांनीच करायचा असतो, व्यक्तीला किंवा समितीला तो करता येत नाही.

रोजच्या उपयोगाचं सगळं भाषेच्या भागात, कलम ३४५ ते ३५०-ख मध्ये सापडेल. कलम ३४५ ने राज्याला राजभाषा ठरवता येते. त्याप्रमाणे इथे १९६३ च्या कायद्याने कन्नड आहे. पण कलम ३५० प्रत्येकाला हक्क देतं: गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. तहसीलदार असोत वा डीसी (जिल्हाधिकारी), मराठी अर्ज केवळ भाषेमुळे नाकारता येत नाही.

चूक इथेच होते. हे कलम गाऱ्हाण्यापुरतं आहे. पहाणी उतारा (इकडचा सातबारा) मराठीत द्या किंवा उत्तर मराठीतच द्या, अशी मागणी त्याच्या आधारे टिकत नाही. म्हणून अर्ज नेमका लिहा: एक गाऱ्हाणं, तारीख, काय हवं ते, आणि 'संदर्भ' या ओळीत कलम ३५०. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. घेतला नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा. सोबत कन्नड भाषांतर जोडलंत तर हक्क कमी होत नाही, काम मात्र लवकर पुढे सरकतं.

शाळेबाबत कलम ३५०-क आहे: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्याने 'प्रयत्न' करावा. हा शब्द कलम ३५० पेक्षा कितीतरी सैल आहे. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली तर सोय करावी, हा आकडा संविधानातला नाही; भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्र आणि राज्यांनी मान्य केलेल्या योजनेतला आहे. पंधरा टक्के वस्ती असली तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत काढाव्यात, हेही तिथलंच. 'कायदा आहे' म्हणून न्यायालयात गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडाल. 'मान्य केलेली योजना आहे' असं लिहा. टक्केवारी काढताना आडनावं किंवा मतदारयादी धरू नका, जनगणनेतली मातृभाषेची नोंद धरा. म्हणूनच प्रगणक दारात आला की 'मराठी' लिहिलं का, ते स्वतः पाहून घ्या.

शाळेची किंवा सूचनांची मागणी अडून राहिली, तर कलम ३५०-ख खाली राष्ट्रपतींनी नेमलेला भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहे. तो राज्याला हुकूम देऊ शकत नाही. चौकशी करून राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि तो संसदेपुढे ठेवला जातो. तुमची शिक्का मारलेली प्रत तिथे जोडावी लागेल.