सी-टाइप बांधायला घेण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. कोव्हेंट्रीत भाड्याचं गॅरेज, दारात गंज खात उभी असलेली जॅग्वारची एक्सजे6 आणि डोक्यात त्याच कंपनीची सी-टाइप, 1950 च्या दशकातली शर्यतीची गाडी! टाटांनी 2008 मध्ये जॅग्वार घेतल्यापासून पुण्याची बरीच मुलं तिकडे गेली. त्यांतल्या कुणाला तरी हे वेड लागणारच होतं. प्रतिकृती बांधावी की पैसे साठवून कधीतरी खरी घ्यावी, असं तू विचारलं आहेस. शिवाय 'मूळ अवशेषांवर उभी केलेली' एक गाडी तुला स्वस्तात दाखवली गेली आहे, तीही या प्रश्नाच्या आड उभी दिसते.

आधी खरीचं बघू. सी-टाइप सगळ्या मिळून 53 झाल्या. 1951 आणि 1953 ची ल मान्स शर्यत या गाडीने जिंकली. 1953 ची कारखान्याची हलकी गाडी, चासी नंबर एक्सकेसी 052, 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात 1 कोटी 32 लाख डॉलरला गेली. पगारातून साठवून गाठायची ही रक्कम नव्हे. त्यामुळे कुणी 'खरी पण स्वस्त' म्हणालं, तर त्यातल्या 'पण'चीच चौकशी करायची.

शर्यतीची गाडी ही मुळात मोडण्यासाठीच जन्माला येते. आपटली की फ्रेम बदलायची, इंजिन फुटलं की दुसरं बसवायचं, पत्रा तर हंगामात दोनदा नवा. तेव्हा यात कुणाला गैर वाटत नव्हतं. घोळ नंतर झाला. भंगारात टाकलेली वाकडी फ्रेम तीस वर्षांनी कुणीतरी सरळ केली, तिच्यावर गाडी उभी केली, आणि एकाच नंबरच्या दोन गाड्या झाल्या. एकीकडे जुना लोखंडी सांगाडा, दुसरीकडे अखंड मालकी. सी-टाइपनंतर आलेल्या डी-टाइपमध्ये तर पुढची फ्रेम आणि मधला सांगाडा हे वेगळे भाग, त्यामुळे तिथे वाटणी आणखी सोपी. म्हणून खरेपणा धातूपेक्षा साखळीत शोधायचा: कारखान्यातून गाडी कुणाकडे गेली, मग कुणाकडे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्याला कागद किंवा तारखेचा फोटो आहे का. चासीचा नंबर एक्सकेसीने सुरू होतो, इंजिनाचा ई या अक्षराने. इंजिन नंबरच्या शेवटी असलेला 8 किंवा 9 कॉम्प्रेशन सांगतो. बॉडीचा नंबर के अक्षराचा. हे सगळे जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या नोंदवहीतल्या दाखल्याशी ताडून बघ. मात्र गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली एवढंच तो दाखला सांगतो. तुझ्यासमोर उभी आहे ती तीच गाडी, असं तो म्हणत नाही. विकणारे हा फरक हसत हसत गिळतात. तसंच एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट: गाडी त्या काळच्या मापात आहे आणि शर्यतीला चालेल, इतकाच त्याचा अर्थ. नव्याने बांधलेल्या गाडीलाही तो मिळू शकतो.

तुला दाखवलेल्या गाडीच्या कागदांत मधली बावीस वर्षं कोरी आहेत, असं तूच लिहिलं आहेस. ती सोड. बांध.

बांधायची म्हटल्यावर पहिला निर्णय मागच्या एक्सलचा, रंगाचा नव्हे. मूळ सी-टाइपला मागे सॅलिसबरीचा अखंड एक्सल आहे, ट्रेलिंग लिंक आणि आडव्या टॉर्शन बारवर. एफआयएचा पासपोर्ट काढून शर्यतीत उतरायचं असेल तर तोच हवा, आणि खर्च तिथेच वाढतो. रस्त्यावर फिरवण्यापुरती हवी असेल तर एक्सजे6चं मागचं स्वतंत्र सस्पेन्शन पिंजऱ्यासकट, म्हणजे ते ज्या लोखंडी चौकटीत बसतं तिच्यासकट, वापरतात. बहुतेक जण हेच करतात आणि त्यात कमीपणा नाही. फक्त सी-टाइपचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 51 इंच आणि एक्सजेचा त्याहून सुमारे 7 इंच जास्त, म्हणजे प्रत्येक बाजूने साडेतीन इंच कापायचे. रिम आणि टायरप्रमाणे आकडा थोडा हलतो. म्हणून चाकं हातात आल्याशिवाय करवत उचलू नकोस.

आता नीट वाच. या सस्पेन्शनमध्ये हाफ शाफ्ट, म्हणजे डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतचा दांडा, नुसता चाक फिरवत नाही. चाक धरणारा वरचा हात, विशबोन, नाहीच, त्याचं काम शाफ्टच करतो. वेल्ड सुटला तर गाडी थांबून भागत नाही, चाक आत कोसळतं. नळी मध्ये कापून जोडायची आणि वरून ग्राइंडर फिरवून गुळगुळीत करायची, हा आळशी मार्ग. शाफ्ट एखाद्या प्रोपेलर शाफ्टवाल्याकडे दे. तो एका टोकाचा योक (सांध्याचा दुहेरी काटा) काढेल, नवी नळी योग्य लांबीला कापेल आणि योक पुन्हा बसवून वेल्ड करेल. परत आला की तीन गोष्टी स्वतः तपास. दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत आहेत का. नसतील तर वेग वाढला की गाडी घुमायला लागते आणि युनिव्हर्सल जॉइंट लवकर खलास होतात. लेथवर फिरवून डायल गेज लाव, पाव मिलिमीटरच्या वर डोलत असेल तर परत पाठव. आणि वेल्डची भेग-चाचणी झाल्याचा कागद माग. खालची लिंकही त्याच मापाने कापायची असते, हे लोक विसरतात आणि मग कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, का जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात. कॅम्बर शाफ्टचा फ्लँज आणि डिस्क यांच्यामधल्या शिमने, म्हणजे पातळ चकतीने, जुळतो: 20 थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एक शिम साधारण पाव अंश. एक्सजेचं माप उणे पाऊण अंश, पाव अंश इकडे-तिकडे, तेही गाडी तिच्या चालत्या उंचीवर असताना. जॅकवर टांगलेल्या गाडीचं माप कामाचं नाही.

त्याच पिंजऱ्यात ब्रेक डिस्क डिफरन्शिअलला चिकटून आतल्या बाजूला असतात. तापल्या की बाहेरच्या शाफ्टचे ऑइल सील कडक होतात, तेल डिस्कवर येतं, आणि हँडब्रेक धरेना झाल्यावर ते कळतं. पिंजरा उतरवलेला असतानाच सील, बेअरिंग, पॅड, ब्रेकच्या नळ्या सगळं नवं घाल. गाडीखाली झोपून हे काम करणं ही शिक्षाच.

इंजिन एक्सजेचं 4.2 लिटर चालेल. मूळ 3442 सीसीचं होतं, आणि पासपोर्ट हवा असेल तर 3.4 शोधावं लागेल. 4.2च्या ब्लॉकमध्ये सिलिंडर इतके जवळ आहेत की मधल्या भिंतीला भेगा पडतात. विकत घेण्याआधी हेड काढून ब्लॉक धुऊन बघायला परवानगी माग. नाही म्हणाला तर भाव भंगाराचा. नंतरच्या ब्लॉकमध्ये हेडचे लांब स्टड पाण्यातून जातात, गंजतात, आणि हेड वर यायला नकार देतं. तिथे हातोडा चालवू नकोस. गंज सोडवणारं तेल, उष्णता आणि सबुरी, दहा दिवस लागले तरी चालतील.

हेड बसलेलं असताना दोन्ही कॅमशाफ्ट सुटे फिरवू नकोस, इनलेट आणि एक्झॉस्ट वाल्व एकमेकांना आपटून वाकतात. टॅपेटचं, म्हणजे कॅम आणि वाल्व यांच्यामधलं, अंतर टॅपेटच्या बकेटखालच्या शिमने जुळवतात. शिमवर ए ते झेड अक्षरं असतात, 85 ते 110 थाउ, एका अक्षराला एक थाउ. जुन्या कॅमला इनलेट 4 आणि एक्झॉस्ट 6 थाउ, एक्सजेच्या नंतरच्या कॅमला 12 ते 14. तुझ्या इंजिनात कुठला कॅम आहे ते कळेपर्यंत फीलर गेज खाली ठेव. टॅपेटचे गाइड हेडमध्ये सैल होऊन वर येतात, त्यांना दाबून धरणारी पट्टी बाजारात मिळते. ती घाल, महाग नाही. क्रँकच्या मागचा रोप सील क्रँक बसवण्याआधी त्याच्या हत्याराने दाबून मापात आणायचा. ही पायरी गाळलीस तर क्लचखाली तेलाचं तळं होईल आणि इंजिन पुन्हा उतरवावं लागेल.

आणि हे एक लक्षात असू दे, नवे मेकॅनिक हमखास इथे फसतात: जॅग्वारच्या या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर मागे, फ्लायव्हीलकडे आहे. फायरिंगचा क्रम 1-5-3-6-2-4. समजा तू सवयीने पुढून मोजलंस. मग वायरी ज्या क्रमाने लागतात तो क्रम गंमत म्हणजे तोच राहतो, पण प्रत्येक ठिणगी क्रँकचा एक पूर्ण फेरा चुकते. इंजिन सुरू होत नाही, कार्बोरेटरमधून भडका मारतं, आणि माणूस वायरी पुन्हा पुन्हा तपासून 'क्रम तर बरोबर आहे' म्हणत राहतो.

रेडिएटरच्या बाबतीत इतिहासाचं ऐक. 1952 मध्ये कारखान्याने जास्त वेगाच्या हव्यासाने सी-टाइपचं नाक लांब आणि खाली केलं, पाण्याची जोडणी बदलली, आणि ल मान्समध्ये तिन्ही गाड्या तापून बाहेर पडल्या. तुलाही नाक जरा निमुळतं करावंसं वाटेल. करू नकोस. हवा रेडिएटरच्या आजूबाजूने निसटणार नाही अशा पत्र्याच्या पट्ट्या चारी बाजूंनी बसव. त्याने मोठ्या पंख्यापेक्षा जास्त फरक पडतो.

स्पोकच्या चाकांचे मधले नट: डाव्या बाजूला नेहमीचे आटे, उजव्या बाजूला उलटे. हब बसवताना बाजू बदलल्या तर चाक फिरता फिरता नट सैल होत जातो. हबवर रंगाने 'डा' आणि 'उ' लिहून ठेव, मराठीतच, म्हणजे गॅरेजमधलं दुसरं कुणी 'सुधारायला' जाणार नाही. बॉडी ॲल्युमिनियमची करणार असशील तर पत्रा आणि लोखंडी नळी यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी काहीतरी निरोधक हवं, नाहीतर इंग्लंडच्या ओलीत दोन वर्षांत पत्र्याची पांढरी पूड होते. फायबरग्लासला ही कटकट नाही, आणि रंग चांगला असेल तर चार हातांवरून ओळखूही येत नाही.

कागदांचं थोडक्यात. तिकडे रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची सरकारी मान्यता-तपासणी, पास करावी लागेल. बाहेरच्या कडांना किमान अडीच मिलिमीटरची गोलाई लागते, आणि चाकाचा दोन कानांचा मधला नट तिथेच अडकतो, तेव्हा तपासणीपुरते बिनकानांचे नट ठेव. स्वीडनमध्ये जॅग्वारने सी-टाइपच्या प्रतिकृतीवर दावा लावला होता. 2020 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, 2023 मध्ये अपिलात तो फिरला. एका गाडीच्या हौशी माणसाने घाबरायचं कारण नाही, पण नाकावर जॅग्वारचं चिन्ह लावून विकायला काढू नकोस. आणि पुण्याला आणायचा विचार असेल तर आजच सोड. भारताच्या 2021 च्या नियमांतली व्हीए नोंदणी मालिका 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. तुझी गाडी कालची.

ती कालची आहे, हे तिच्या अंगावर कोरून ठेव, एवढं माझं सांगणं आहे. एक्सकेसीने सुरू होणारा नंबर कुठेही ठोकायचा नाही. जुन्यासारखी दिसणारी पाटी बाजारात मिळते, ती 'फक्त शोभेला' म्हणूनही नको. तू विकशील, मग तो विकेल, आणि तिसऱ्या माणसाच्या हातात ती पाटी पुरावा होईल. स्वतःचा नंबर घे: तुझी आद्याक्षरं, वर्ष आणि 01. पुढच्या उजव्या मुख्य नळीवर, बॉडी न काढता दिसेल अशा जागी, रंगाच्या आधी ठोक. पातळ नळीवर थेट पंच मारलास तर ती खळगते, म्हणून 3 मिलिमीटरची पट्टी आधी वेल्ड कर आणि नंबर तिच्यावर घे. मग वहीत लिहायला लाग: एक्सजेचा चासी नंबर, इंजिन नंबर, शाफ्ट कुणी कापले, कुठला शिम कुठे, तारखेसकट फोटो.

पट्टी वेल्ड झाली की फोटो पाठव. नंबर ठोकण्याआधी अक्षरांमधलं अंतर बघून घेऊ. पंचाची अक्षरं पहिल्या खेपेला हमखास तिरकी जातात, तेव्हा आधी भंगार पत्र्यावर वीसेकदा हात बसव.

कळावे,
काका