सिझरच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर पाय किती वेळाने हलायला हवेत?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या सिझरनंतर बाळ कुशीत होतं, पण कमरेखालचं शरीर आपलं नाहीच असं वाटत होतं आणि कोणी काही सांगत नव्हतं. आता दुसऱ्या वेळी हीच भूल घ्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि मला वाटतं, तुमची भीती औषधामुळे कमी आणि न सांगण्यामुळे जास्त होती.

पाठीतल्या या भुलीत, म्हणजे स्पायनलमध्ये, कमरेच्या खालच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून जेमतेम २ मिली औषध सोडतात, बहुतेक ठिकाणी ब्युपिव्हकेन. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. तिथल्या पाण्यासारख्या द्रवात मज्जातंतूंची मुळं तरंगत असतात. औषध त्यांच्यातून जाणारा निरोप अडवतं. पुढे रक्त ते औषध हळूहळू वाहून नेतं आणि निरोप परत सुरू होतात. नस ‘मारलेली’ नसते.

वेदना नेणारे तंतू बारीक असतात, ते आधी बंद पडतात. स्पर्शाचे आणि हालचालीचे तंतू जाड, ते उशिरा बधीर होतात आणि लवकर सुटतात. म्हणून ऑपरेशन चालू असताना पोटावरचा दाब, ओढाताण कळते, पण दुखत नाही.

पाय साधारण दोन ते चार तासांत हलू लागतात. आधी मुंग्या येतात, पाय गरम आणि जड वाटतात. बहुतेक जणींचा आधी पंजा हलतो, मग गुडघा वाकतो आणि सरळ पाय उचलणं शेवटी जमतं. दोन्ही पाय एकाच वेळी सुटतील असं नाही. एक थोडा मागे राहू शकतो. रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर ठेवतात त्या खोलीत, मी टाचेखाली तळहात ठेवते आणि म्हणते, ‘गुडघा न वाकवता पाय माझ्या हातावरून उचला.’ टाच उचलली गेली की मला पुरेसं कळतं.

आता हे नीट लक्षात ठेवा. इंजेक्शन दिल्यापासून चार तास झाले आणि सरळ पाय गादीवरून उचलता येत नसेल, तर भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगा. ‘होईल हळूहळू’ या उत्तरावर थांबू नका. बहुतेक वेळा औषधाचाच अंमल लांबलेला असतो. पण फार क्वचित मणक्यात रक्त साचून नसांवर दाब येतो आणि त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो. हलू लागलेला पाय पुन्हा लुळा पडला, पाठीत असह्य कळ आली, लघवीची नळी काढल्यावर लघवी होईना किंवा शौचावरचा ताबा गेला, तर तेव्हाही लगेच सांगायचं.

पाय बधीर असताना गरम पाण्याची पिशवी कुणालाही ठेवू देऊ नका. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. टाचा एकाच जागी दाबून राहू नयेत म्हणून सिस्टरला पाय हलवून ठेवायला सांगा. पंजे हलू लागले की पडल्या पडल्या वरखाली करत राहा. बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.

आणि पाय हलले म्हणजे उभं राहता येतं असं नाही. बीपी उतरून चक्कर येते. आधी पाय खाली सोडून बसा, मग कोणाचा तरी आधार घेऊन उभ्या राहा. भूल उतरते तसे टाके दुखू लागतात. वेदनाशामक वेळेवर मागा, सोसत बसू नका.

उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं एक-दोन दिवसांत झालं तर तेही सांगा, त्यावर उपाय आहे. कायमच्या पाठदुखीचा दोष मात्र स्पायनलला देऊ नका; सुईच्या जागी काही दिवस दुखतं तेवढंच.

दुसऱ्या वेळी काय? विशेष अडचण नसेल तर मी स्पायनलच सुचवेन. आई जागी असते, बाळापर्यंत भुलीचं औषध अगदी नगण्य पोचतं आणि पूर्ण भुलीतले श्वासनलिकेचे धोके टळतात. मागच्या वेळची भुलीची नोंद फाइलमध्ये असते. ती भूलतज्ज्ञांना दाखवा, पाय सुटायला किती वेळ लागला ते सांगा आणि ‘या वेळी माझे पाय कधी आणि कोण तपासणार?’ हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.