चीनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाचं रोजचं आयुष्य कसं असतं? भारतीयांना ही नोकरी मिळते का?

मी २०२३ पासून हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात, एका निवासी उच्च माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे इथे जे लिहितेय ते उत्तर चीनमधल्या, बेजिंगपासून वेगवान रेल्वेने तास-दीड तासावर असलेल्या शहरातलं आणि दहावी ते बारावीच्या मुलांमधलं आहे. बालवाडीत शिकवणाऱ्याचे किंवा शांघायच्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी करणाऱ्याचे दिवस निराळे असतात.

परदेशी शिक्षकाचा दिवस समजून घ्यायचा तर आधी मुलांचा दिवस बघायला हवा. आमची मुलं पहाटे सहाच्या आत मैदानावर असतात. एकमेकांना जवळजवळ चिकटून, एका तालात, वर्गावर्गाने पळतात. रांग लागेपर्यंत जी दोन मिनिटं मिळतात त्यातही हातातला कागद डोळ्यांसमोर धरून मोठ्याने पाठांतर चालू असतं. मग वाचनाचा तास, नाश्ता आणि एकामागोमाग तास. मधेच स्पीकरवर संगीत लागतं आणि अख्खा वर्ग डोळे मिटून भुवया, नाकाचा वरचा भाग, कानशिलं दाबत डोळ्यांचा व्यायाम करतो. दुपारच्या जेवणानंतर सक्तीची विश्रांती, संध्याकाळी पुन्हा वर्ग, आणि रात्री दहाच्या सुमारास खोल्यांचे दिवे बंद. बारावीच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात एक आकडा रोज बदलतो. तो गाओकाओला उरलेल्या दिवसांचा.

गाओकाओ म्हणजे ७ जूनपासून देशभर होणारी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. एकूण ७५० गुण, त्यातले १५० इंग्रजीला, म्हणजे चिनी भाषा आणि गणित यांच्या बरोबरीने. मुलं साधारण तिसरीपासून इंग्रजी शिकत आलेली असतात, शब्दसंग्रह चांगला असतो, व्याकरणाच्या प्रश्नात आपल्यालाही अडवतील अशी असतात. पण त्या १५० गुणांत ऐकणं, वाचणं आणि लिहिणं येतं. प्रत्यक्ष बोलण्याला बहुतेक प्रांतांत त्यात गुणच नाहीत. आणि परदेशी शिक्षकाला नेमतात ते बोलायला शिकवण्यासाठी.

माझ्या मते या नोकरीतलं सगळ्यात महत्त्वाचं वास्तव हेच. तुमचा तास परीक्षेबाहेरचा असतो. व्याकरण, उतारे, चाचण्या हे सगळं चिनी इंग्रजी शिक्षक बघतात आणि ते रोज वर्गात असतात. तुम्ही एका वर्गाला आठवड्यातून एकदा भेटता, ४० मिनिटं. समोर पन्नासच्या आसपास मुलं. असे बरेच वर्ग असतात, त्यामुळे आठवड्याभरात शेकडो चेहरे समोरून जातात. तुम्हाला मान मिळतो, जिन्यात मुलं हसून ‘लाओशी हाओ’ (नमस्कार, शिक्षक) म्हणतात, १० सप्टेंबरच्या शिक्षकदिनाला टेबलावर कार्डं येतात. पण कुठल्याही मुलाचा निकाल तुमच्यावर अवलंबून नसतो. शाळेला माहितीपत्रकात परदेशी चेहरा हवा असतो, हेही खरं. काही सहकारी यामुळे कंटाळतात, खेळ खेळवून, व्हिडिओ दाखवून वेळ काढतात. मला ते मनापासून चुकीचं वाटतं. त्या मुलांच्या आठवड्यात गुणांची टांगती तलवार नसलेली ही ४० मिनिटंच असतात, आणि ती वाया घालवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

वर्गात सुरुवातीला भेटते ती शांतता. प्रश्न विचारला की सगळ्या माना खाली. काहींच्या मांडीवर गणिताची प्रश्नपत्रिका उघडी असते. ती मी हिसकावून घेत नाही, कारण ती का उघडी आहे ते मला माहीत आहे. मुलांना इंग्रजी येत नाही म्हणून ती गप्प असतात असं नव्हे. उभं राहून सगळ्या वर्गासमोर चुकायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. म्हणून मी एकेकाला उभं करत नाही. आधी तीन मिनिटं कागदावर मुद्दे लिहायचे, मग शेजाऱ्याशी बोलायचं, सगळ्यांनी एकाच वेळी. वर्गात एवढा गलका होतो की कुणाची चूक कुणाला ऐकू जात नाही. मी बाकांमधून फिरते आणि कान देते.

चांद्रनववर्षाच्या सुट्टीनंतर मी विषय दिला होता: आदल्या रात्री तुमच्या घरी कोण काय करतं? एक मुलगा, जो सबंध सत्रात माझ्याशी अवाक्षर बोलला नव्हता, शेजाऱ्याला सांगत होता की आई-वडील दक्षिणेत कारखान्यात कामाला असतात, वर्षातून याच सुट्टीत येतात, आणि त्याला वाढवलंय आजोबांनी. जिआओझीच्या, म्हणजे सारण भरून उकळायच्या करंज्यांच्या, पाऱ्या आजोबाच लाटतात. कशा, ते सांगायला शब्द सापडेना तेव्हा त्याने हातांनी करून दाखवलं: डाव्या हाताने पारी थोडी थोडी फिरवायची, उजव्या तळव्याखाली बारीक, मुठी नसलेलं लाटणं फक्त कडेवरून मधल्या भागापर्यंत न्यायचं आणि मागे आणायचं, म्हणजे कड पातळ होते, मध्य जाड राहतो आणि उकळताना सारण फुटून बाहेर येत नाही. शेजारी म्हणाला, आमच्याकडे असं नसतं, आजी दोन्ही हातांनी लाटते. मागच्या बाकावरच्या दोन मुलीही वादात पडल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी चौघं इंग्रजीतच भांडत होती. व्याकरण मोडकं होतं, पण बोलणं त्यांचं स्वतःचं होतं. अशा तासासाठी मी ही नोकरी करते.

कामाच्या धबडग्याबद्दलही सांगते. आठवड्याला साधारण १६ ते २० तास असतात आणि ऐकायला ते कमी वाटतं, पण वेळापत्रक कधी बदलेल याचा भरवसा नसतो. चाचणी परीक्षा, क्रीडास्पर्धा, नव्या मुलांचं लष्करी प्रशिक्षण, वरिष्ठांची पाहणी, या सगळ्यात पहिला बळी आपल्या तासाचा जातो आणि निरोप येतो आदल्या रात्री. सुट्ट्यांचा हिशोब तर नव्या माणसाला बुचकळ्यात टाकतो. सलग मोठी सुट्टी मिळावी म्हणून सरकार आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी कामाचा दिवस ठेवतं. मग रविवारी शाळा भरते आणि त्या दिवशी शुक्रवारचं वेळापत्रक चालतं. शासकीय यादी आधीच जाहीर होते. ती मिळवून भिंतीवर लावावी आणि त्यानुसारच रेल्वेची तिकिटं काढावीत.

मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो वर्गशिक्षकांबद्दल. पहाटे मुलांबरोबर मैदानावर, रात्री खोल्यांच्या तपासणीला, मधल्या वेळात पालकांचे फोन. त्यांची स्वतःची मुलं घरी आजी-आजोबांकडे असतात. आमच्या खोलीतल्या चिनी इंग्रजी शिक्षिका माझ्याहून कितीतरी जास्त काम करतात आणि पगार माझ्याहून कमी घेतात. ही गोष्ट विसरून शिक्षकांच्या खोलीत वेळापत्रकाच्या तक्रारी करत बसणं शोभत नाही.

शाळेबाहेरचं जगणं सोपं आहे. पैसे मोबाइलवरून, अलीपे किंवा वीचॅटने. आपल्याकडे यूपीआयची सवय असल्याने यात नवल काही वाटत नाही. भाजीवाल्या आजीकडेही क्यूआर कोड असतो. हिवाळा कडक, तापमान शून्याखाली जातं, पण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च सरकारी व्यवस्थेतून घराघरात उष्णता पुरवतात, त्यामुळे घरात साध्या सदऱ्यावर बसता येतं. छिनलिंग पर्वत आणि हुआय नदी ही उत्तर-दक्षिण चीनची सीमा मानतात, तिच्या दक्षिणेला ही सोय नाही, तिकडची नोकरी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. हिवाळ्यात धुरकट दिवसही येतात, दम्याचा त्रास असणाऱ्याने उत्तर चीन निवडताना विचार करावा.

खाण्याचं विचाराल तर मी अंडी खाते, मांस खात नाही. भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे किंवा चरबी असू शकते, म्हणून प्रत्येक वेळी स्पष्ट विचारावं लागतं. टोमॅटो-अंडं, बटाट्याच्या लांब कापांची आंबट-तिखट भाजी, वांगं-बटाटा-ढोबळी मिरचीची परतलेली भाजी, एवढ्यावर सहज निभतं. मांस खाणाऱ्यांना इथली लोकप्रिय गोष्ट म्हणजे खुसखुशीत पावात भरलेलं गाढवाचं मांस, हे आधीच सांगून ठेवते. मूग आणि जिरं कुठेही मिळतं. हळद आणि तूरडाळ ऑनलाइन मागवावी लागते.

घरच्यांशी बोलणं ही मात्र खरी अडचण. इथे व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब चालत नाही आणि वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे. म्हणजे दोन्ही बाजूंची रोजची साधनं एकमेकांना उपयोगाची नाहीत. भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवलं तर इंटरनेट आपल्या कंपनीच्या जाळ्यातून येतं आणि व्हॉट्सॲप चालतं, पण ते महाग पडतं. आयफोन असेल तर फेसटाइम चालतं. आई-वडिलांच्या फोनवर काय चालेल ते निघण्याआधी ठरवून, दोन-चारदा करून बघा.

मी मूळची बार्शीची. शिजियाझुआंगची नोकरी समोर आली तेव्हा होकार द्यायचं एक कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे होतं. सोलापूरचा हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेला, जपानविरुद्धच्या युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला, तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी हेबेईत वारला. त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात आहे, कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्याही समाधीच्या सान्निध्यात. एप्रिलमध्ये छिंगमिंगला, पूर्वजांच्या स्मरणाच्या दिवसांत, लोक तिथे फुलं वाहतात. मुलांना भारत म्हटलं की आमिर खान आठवतो. पण आमच्या फाटकावरच्या वयस्कर पहारेकऱ्यांना मी भारतीय आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच कोटणीसांचं चिनी नाव घेतलं, क दिहुआ, आणि अंगठा वर केला. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल ते मी लिहून सांगू शकत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नियम असा आहे की परदेशी भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवावी, त्याच्याकडे पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असावा. इंग्रजीच्या बाबतीत व्यवहारात सात देशांचे पासपोर्ट धरले जातात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. माझी इंग्रजी अध्यापनातली पदव्युत्तर पदवी इंग्लंडमधली आहे आणि आमच्या प्रांताच्या कार्यालयाने ती मान्य केली. पण हे प्रांतागणिक, शहरागणिक बदलतं, एकीला मिळालं म्हणून दुसरीला मिळेलच असं नाही. भारतीयांसाठी जास्त मोकळी वाट म्हणजे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र इंग्रजीतून शिकवणं. शिवाय रंगाचा भेदभाव आहे. मुलाखतीआधी फोटो मागतात, आणि तो पाहून गप्प होणाऱ्या शाळा मलाही भेटल्या. याचं वाईट वाटतं, पण असं होऊ शकतं हे धरूनच अर्ज करावेत.

झेड व्हिसा (नोकरीसाठीचा व्हिसा) आणि कामाचा परवाना याशिवाय कुणी बोलावलं तर जाऊ नका. पर्यटक, व्यापारी किंवा विद्यार्थी व्हिसावर ‘आधी या, मग कागद बदलून देऊ’ असं सांगणारे एजंट आहेत. परवान्याविना काम करणाऱ्याला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि वर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. खासगी क्लासेसचंही तसंच. २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर आणि शनिवार-रविवारच्या वर्गांवर बंदी आणली, ढिगाने क्लासेस बंद पडले. जुन्या व्हिडिओंमध्ये दिसणारी सहज मिळणारी नोकरी आता उरलेली नाही.

सरकारी शाळेत साधारण १० ते १५ हजार युआन पगार आणि राहायला जागा मिळते, खासगी द्विभाषिक शाळांत जास्त. एक युआन म्हणजे २०२५ मध्ये ढोबळमानाने १२ रुपये होते. करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: परवाना नेमका कोणत्या संस्थेच्या नावावर निघणार आहे, सुट्टीतल्या महिन्यांचा पगार मिळणार का, आणि नोकरी सोडताना कार्यमुक्तीचं पत्र किती दिवसांत देणार. ते पत्र नसेल तर दुसऱ्या शाळेत जाता येत नाही, आणि ते अडवून धरणाऱ्या शाळा असतात.

तुमची पदवी कोणत्या विषयातली, कोणत्या देशातल्या विद्यापीठाची आणि शिकवण्याचा अनुभव किती, एवढं कळवलंत तर कोणत्या प्रांतात आणि कोणत्या प्रकारच्या शाळेत अर्ज करावा हे जास्त नेमकं सांगता येईल.