भाकरी ‘सर्कल’ नव्हे, ‘राउंड’

प्रश्न : माझी मुलगी सातवीत मराठी माध्यमात शिकते. घरातल्या वस्तूंचं इंग्रजीत वर्णन करताना तिने ‘अ सर्कल भाकरी’, ‘अ स्क्वेअर डोअर’ आणि ‘अ ब्लॅक अर्दन स्मॉल राउंड पॉट’ असं लिहिलं. तिन्हींवर लाल रेघ आली. नेमकं काय चुकलं?
– एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : तिन्ही चुका वेगवेगळ्या आहेत.

‘सर्कल’ म्हणजे वर्तुळ. ते नाम आहे, आणि ‘वर्तुळ भाकरी’ असं आपणही म्हणत नाही. सर्कलचं विशेषण सर्क्युलर, ट्रायँगलचं ट्रायँग्युलर, रेक्टँगलचं रेक्टँग्युलर, सिलिंडरचं सिलिंड्रिकल. ‘स्क्वेअर’ आणि ‘ओव्हल’ हे शब्द मात्र नाम म्हणूनही चालतात, विशेषण म्हणूनही. घोटाळा इथेच होतो : ‘अ स्क्वेअर टाइल’ बरोबर आलं की मुलं त्याच चालीवर ‘अ सर्कल प्लेट’ लिहितात. उच्चारही सांभाळा. सिलिंडरमध्ये जोर ‘सि’वर येतो, सिलिंड्रिकलमध्ये तो ‘लिं’वर सरकतो.

दाराची चूक आपल्या ‘चौकोनी’ या शब्दामुळे झाली. मराठीत दारही चौकोनी, फरशीही चौकोनी. फूटपट्टी लावून पाहायला सांगा : कोपरे काटकोनी आणि चारही बाजू सारख्या असतील तर स्क्वेअर, लांबी-रुंदीत फरक असेल तर रेक्टँग्युलर. गणितातले चौरस आणि आयत आठवले की पुरे.

‘गोल’चं प्रकरण याहून अवघड. भाकरी गोल, लाडू गोल, पाण्याचं पिंपही गोल. कन्नडमधला ‘दुंडगिन’ही असाच सैल, त्यामुळे सीमाभागातल्या मुलांना दोन्हीकडून हा फरक ऐकू येत नाही. भाकरी ‘राउंड अँड फ्लॅट’, पिंप ‘सिलिंड्रिकल’. लाडूला ‘स्फेरिकल’ म्हटलं तर चूक नाही, पण ते विज्ञानाच्या पुस्तकातलं वाटतं. घरगुती वर्णनात ‘राउंड’च छान. रताळ्यासारख्या वस्तूला एका विशेषणात कोंबू नये. मुलं ‘ओव्हल’ लिहून मोकळी होतात, पण ‘थिक इन द मिडल अँड पॉइंटेड अ‍ॅट बोथ एंड्स’ म्हटलं की रताळं डोळ्यांसमोर येतं.

तिसऱ्या वाक्यात शब्द सगळे बरोबर, क्रम चुकला. इंग्रजीत आधी मोठं-लहान, मग आकार, मग रंग, आणि कशाचं बनलंय ते नामाला अगदी चिकटून. म्हणून ‘अ स्मॉल राउंड ब्लॅक अर्दन पॉट’. मराठीत आपण ‘काळं छोटं मडकं’ म्हणतो तसंच ‘छोटं काळं मडकं’ही म्हणतो, म्हणून कान फसतो.

वहीत याच जातीच्या आणखी दोन चुका सापडतील. आपला ‘आकार’ शेप आणि साइज दोन्हींना चालतो, म्हणून ‘आकाराने मोठा’चं ‘बिग इन शेप’ होतं. तिथे नुसतं ‘बिग’ लिहावं. आणि चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील ‘स्टार-शेप’ नव्हे, ‘स्टार-शेप्ड’. शेवटचा ‘ड’ गाळू नये.

विशेषण जोडल्यावर त्याच्याआधीचं ‘अ’ की ‘अ‍ॅन’ तेही पुन्हा पाहायचं : ‘अ मिरर’, पण ‘अ‍ॅन ओव्हल मिरर’, ‘अ‍ॅन ॲपल’, पण ‘अ राउंड ॲपल’.