बाइक-स्कूटरच्या मागे बसवतात त्या टॉप बॉक्समध्ये वायरिंगला हात न लावता, हवा तेव्हा काढता येईल असा स्वस्त लाइट कसा लावावा?

सोसायटीच्या अंधाऱ्या बेसमेंटमध्ये मोबाइल तोंडात धरून रेनकोट शोधणारे निम्मे ठाणेकर आहेत, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. कपाटात लावतात तो बॅटरीवरचा छोटा एलईडी घ्या. ठाणे स्टेशनबाहेरच्या दुकानांत शंभर-दोनशेत मिळून जावा.

मोशन सेन्सरवाला मात्र टाळा. तो हलणाऱ्या गरम वस्तूवर पेटतो, त्यामुळे डब्याची गरम जेवणाची पिशवी आत सरकली तरी लागू शकतो आणि बॅटरी बंद बॉक्समध्ये फुकट जाते. त्यापेक्षा दोन तुकड्यांचा चुंबकी स्विचवाला बरा: एक तुकडा झाकणाला, एक कडेला, झाकण उघडलं की लागतो, मिटलं की विझतो. साधा दाबायचा असेल तरी चालेल, फक्त बंद करायची आठवण ठेवा.

चिकटवायला वेल्क्रो. चुंबकाचा पाया प्लास्टिकला धरत नाही, ॲल्युमिनियमच्या बॉक्सलाही नाही. आधी जागा स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या, मग पट्टी लावून मिनिटभर दाबा. लाइट मात्र झाकणाच्या आत लावू नका, उघडल्यावर उजेड थेट डोळ्यांत येतो. बिजागरीच्या बाजूला, खालच्या भागाच्या कडेशी, तोंड खाली करून लावा.

स्कूटरच्या डिकीत इंजिनची धग लागते, तिथे रिचार्जेबल लिथियमऐवजी ट्रिपल-ए सेलवाला घ्या. पावसाळ्यात ओला रेनकोट आत कोंबणार असाल तर घरी आल्यावर लाइट काढून सेलचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर पत्र्या हिरव्या पडतात.