शनिवारी एकदाच बसतो, मग १६०० चं टायमिंग का अडकलंय?

भावा, तुझा प्रश्न सकाळीच वाचला होता, पण ग्राउंडवरून येऊन भाकरी खाऊन निवांत लिहावं म्हणून थांबलो. तू म्हणतोस हिंगोलीत राहून पोलीस भरतीची तयारी करायलास, वय २३, वजन सत्तरच्या आसपास, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या खाली येईना, दारू रोज नाही, फक्त शनिवारी रात्री मित्रांसोबत एक क्वार्टर नाहीतर दोन स्ट्राँग बिअर, रविवारी तसंही ग्राउंड नसतं मग बिघडतं काय. आणि दुसरं विचारलंस की ग्राउंडच्या, म्हणजे भरतीतल्या मैदानी चाचणीच्या, तारखेआधी किती दिवस बंद केली म्हणजे पुरे.

मी परभणी जिल्ह्यात तेरा-चौदा वर्षं झाली पोरं पळवतोय, त्याच्या आधी दहा वर्षं कबड्डी खेळलोय, आणि त्यातली काही वर्षं मीसुद्धा अशाच बैठकीत बसलोय. त्यामुळं तुला रागावत नाही, हिशोब सांगतो.

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल असतं. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी पण ऐका, ८ टक्केवाली ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४० ग्रॅमच्या वर, दोन झाल्या की क्वार्टरच्या पुढंच गेलास. आता लिव्हर तासाला ढोबळमानानं सात-आठ ग्रॅम मोडतं, माणसागणिक थोडं कमीजास्त. रात्री नऊला क्वार्टर सुरू केलीस तर पहाटे पाचपर्यंत ती अंगातच आहे, आणि दोन स्ट्राँग असतील तर सकाळचे आठ. घाम गाळला की उतरते, लिंबूपाणी पिलं की उतरते, असलं काही नसतं, नव्वद टक्क्यांहून जास्त अल्कोहोल लिव्हरलाच मोडावं लागतं आणि त्याला घाई करता येत नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. मला सांग, तुझा आठवड्यातला सगळ्यात अवघड वर्कआउट कधी असतो? बहुतेक पोरांचा शनिवारीच असतो, कारण दुसऱ्या दिवशी आराम. ४०० मीटरचे रिपीट, म्हणजे थांबून थांबून परत परत जोरात पळणं, उठाबशा, गोळाफेकीची प्रॅक्टिस, सगळं त्याच दिवशी. आता पळताना कुणाचे पाय मजबूत होत नसतात बाबा, पळताना ते मोडतात, मजबूत होतात ते नंतरच्या चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत, खाण्यातून आणि झोपेतून. आणि नेमक्या त्याच तासांवर तू दारू ओतायलास. आठवडाभर जे कमावलंस ते जमा व्हायच्या वेळेला तूच दार लावून घेतोस.

हे माझ्या मनचं नाही. ऑस्ट्रेलियात आठ तरुणांवर एक अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला. व्यायामानंतर वजनाच्या किलोमागं दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं, म्हणजे तुझ्या वजनाला पावणेदोन क्वार्टरच्या आसपास. स्नायूत नवीन प्रोटीन तयार व्हायचा वेग, दारूसोबत प्रोटीन घेऊनसुद्धा, नुसतं प्रोटीन घेतलं होतं तेव्हापेक्षा २४ टक्क्यांनी कमी निघाला, आणि दारूसोबत प्रोटीनऐवजी कार्बोहायड्रेट घेतलं तेव्हा ३७ टक्क्यांनी. म्हणजे वरून चार अंडी खाल्ली तरी पूर्ण भरपाई होत नाही. न्यूझीलंडमध्ये पण पायांचा जबर व्यायाम करवून नंतर किलोमागं एक ग्रॅम दिलं, तुझी क्वार्टर जवळपास तेवढीच होते, तर दीड दिवसानंतर पायातली ताकद न पिता जेवढी कमी व्हायची त्यापेक्षा जास्त कमी झालेली. म्हणजे शनिवारची दारू सोमवारी पहाटेपर्यंत तुझ्या पायात.

आता प्रामाणिकपणे हे पण सांगतो, त्याच न्यूझीलंडवाल्यांनी नंतर किलोमागं अर्धा ग्रॅम देऊन पाहिलं, म्हणजे तुला नाइन्टीच्या, ९० मिलीच्या, जरा वर, तर त्यात असा फरक दिसला नाही. म्हणून एका पेगनं करिअर संपतं असं मी कुणाला सांगत नाही, खोटं बोलून पोरं सुधारत नसतात. पण ढाब्यावर चार मित्र बसलेत, बाटली उघडी आहे, तिथं नाइन्टीवर हात थांबतो का, हे तू तुलाच विचार.

जेवणाचं बघ. बैठकीत तू काय खातोस, शेंगदाणे, शेव, चिकनचे दोन तुकडे, आणि बारा वाजता भाकरी नको वाटते. दिवसभर पळून पायातलं साखरेचं कोठार रिकामं झालेलं असतं, ते भरायला भाकरी-भात लागतो. दारूत ग्रॅममागं ७ कॅलरी आहेत खऱ्या, क्वार्टरमागं चारशेच्या वर, पण त्यातली एकही त्या कोठारात जात नाही. बिअरमध्ये कार्ब असतात म्हणून रनरला चांगली, असं कुणीतरी पसरवलंय, त्यात तथ्य नाही.

झोपेचं पण तसंच. पिल्यावर गाढ झोप लागते असं सगळे म्हणतात, लागते पटकन हे खरंय, पण दारू उतरायला लागली की रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात झोप तुटत राहते, स्वप्नांची झोप कमी होते, झोपेत हृदय जोरात चालतं. एक काम कर, पंधरा दिवस रोज उठल्या उठल्या, अंथरुणातच, एक मिनिट नाडी मोजून वहीत लिही. रविवारचा आकडा बाकीच्या दिवसांशेजारी ठेव. मी एवढी पोरं समजावली, पण सगळ्यात जास्त काम या वहीनंच केलं.

आणि आपलं ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो. दारूमुळं शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन दबतं, म्हणून रात्रभर लघवीला पळावं लागतं आणि सकाळी जीभ कोरडी. अशा अंगानं उन्हात पळलास की रक्त घट्ट, हृदयावर ताण, चक्कर, आणि उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. आदल्या रात्री पिलेल्या पोराला मी त्या दिवशी ग्राउंडवर उतरूच देत नाही, कितीही वाईट वाटो. हिवाळ्यात हुरडा पार्टीला उलटं सांगतात, घोटभर घे, अंग गरम होईल. अंग गरम नाही होत, कातडीकडं रक्त जास्त जातं म्हणून गरम वाटतं, आतली ऊब उलट बाहेर निघून जाते.

आता माझी एक चूक सांगतो. एका गावच्या जत्रेत आमची कबड्डी, सेमीफायनल जिंकली पण माझा घोटा मुरगळला. बर्फ लावायचा, पाय वर ठेवायचा, ते सोडून रात्री दुखणं मारायला बसलो. दारूनं रक्तवाहिन्या फुगतात, सूज वाढते, आणि दुखणं कळत नसल्यामुळं मी त्या पायावर रात्रभर हिंडलो, वर मेडिकलवरून आणलेली पेनकिलर. सकाळी बूट पायात जाईना. फायनल गेली आणि पुढचे दीड महिने पाय गेला. म्हणून दुखापत असेल तर पहिले दोन-तीन दिवस एक थेंब पण नाही. आणि पेनकिलर आणि दारू एकत्र तर कधीच नाही, डायक्लोफिनॅक, आयब्रुप्रोफेन असल्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते, पॅरासिटॅमॉलचा भार लिव्हरवर पडतो. ग्राउंडवरची पोरं या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात, बघून जीव तुटतो.

तुला एक गोष्ट अजून, तू पोलीस व्हायला निघालायस. आपल्या राज्यात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, तुझं वय २३. त्यात ढाब्यावरून रात्री मोटारसायकलवर परत येताना पकडलास आणि केस झाली तर चारित्र्य पडताळणीला काय उत्तर देशील? टायमिंगपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

आता तुझा दुसरा प्रश्न. ग्राउंडच्या आधी दोन दिवस बंद ठेवलीस तर अंगातून दारू निघून जाईल, पण पाच-तीस वरून पाच-दहा दोन दिवसांत होत नाही. १६०० ला पूर्ण २० मार्क हवे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं, म्हणजे तुला वीस सेकंद काढायचेत. आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतीत, ८:११.२० पळाला आणि सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. सेकंद असे असतात, एकेक करून रोजच्या रोज जमवावे लागतात. माझ्याकडं एक पोरगा होता तुझ्यासारखाच, ५:३४ वर अडकलेला, शनिवारचं बसणं सोडलं आणि अडीच महिन्यांत ५:१७ ला आला. नुसती दारू सुटली म्हणून नाही, तर रविवारची सकाळ परत मिळाली, तिथं आठ किलोमीटरचं सावकाश रनिंग बसवलं, सोमवारचा वर्कआउट अर्ध्यावर सुटायचा थांबला.

तर भरती होईपर्यंत पूर्ण बंद कर, माझं मत एवढंच. ठरवून तीन आठवडे पण जमलं नाही, किंवा शनिवार जवळ आला की जीव कासावीस होतोय असं दिसलं, तर लाजू नकोस, डॉक्टरला दाखव, नाहीतर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे तिथं बोल. आणि तुझ्या ग्रुपमध्ये रोज पिणारा कुणी असेल तर त्याला एकदम बंद करायला लावू नकोस, हात थरथरणं, झटके येणं असं होऊ शकतं, त्याला डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडावी लागते.

मित्र तोडायची गरज नाही. या शनिवारी ढाब्यावर जा, आठलाच ताटभर जेव, भाकरी, डाळ, अंडाकरी, वरून ताक, आणि दहाला घरी. रविवारी सहाला उठून सावकाश आठ किलोमीटर, बोलत बोलत पळता येईल एवढ्याच वेगानं. असे चार रविवार झाले की सोमवारचं टायमिंग मला कळव, मग पुढचं शेड्यूल बनवून देतो.